साहेबाला दाखवलेलं पाणी

बीडला पाहुणा आला की पाणी पाजायच्या आधी त्याला पाणी दाखवायला नेतात. आधी बिंदुसरेचा काठ, मग तळ्यात उभं असलेलं महादेवाचं देऊळ, टेकडीवरचा दर्गा, आणि ऊन चढायच्या आत शहराबाहेरची खजाना विहीर. पाहुणा दमला, तहानला, त्याच्या पायाला फोड आले, तरी यातलं काही गाळायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही असंच नेलं होतं. अंगावरची हळद उतरली नव्हती, शालू टोचत होता, आणि सासरे बैलांच्या दमणीत पुढे बसून, मागे न बघता, मला शहर सांगत होते. सुनेशी थेट बोलायचं नाही, म्हणून ते सगळं सासूबाईंना सांगत होते. सासूबाईंचा जन्म बीडचाच.

माझं माहेर उमापूर. तिथे चैत्र लागला की विहिरीत सोडलेला पोहरा खडकावर आपटायचा आणि त्याचा आवाज ऐकूनच घरातल्या बाया किती थांबावं लागणार ते ओळखायच्या. म्हणून बीडचं स्थळ आलं तेव्हा माझ्या आईने मुलगा पुरता पाहिलासुद्धा नाही. पाण्याच्या गावात पडेल पोर, डोक्यावरचा हंडा उतरेल, एवढंच ती म्हणत राहिली. हंडा उतरला नाही. पण ते पुढे येईल.

तेव्हा निजामाचा अंमल होता. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी, आणि माणूस रागावला की दोन्ही मिळून. शहर देखणं होतं, खोटं कशाला बोलू. वेशींच्या कमानी उंच होत्या. पेठेत चामड्याच्या छागली शिवणाऱ्यांची दुकानं ओळीने होती. प्रवासात पाणी गार राहावं म्हणून खांद्याला अडकवायची ती पिशवी, आणि बीडची छागल म्हटलं की लांबचा माणूसही दोन पैसे जास्त द्यायचा. काठीत पातं लपवलेल्या गुप्त्याही इथल्याच. मोहरमात सवाऱ्या नदीकडे निघाल्या की आमच्या आळीतल्या बाया त्यांच्या वाटेवर पाणी शिंपायच्या, आणि शिवरात्रीला देवळाच्या तळ्याभोवती मुसलमान मण्यारांची बांगड्यांची दुकानं लागायची. हे सगळं मला आवडायचं. माझं भांडण आहे ते या शहराच्या दाखवण्याच्या हौसेशी.

पावसाळ्यात बिंदुसरा दोन्ही काठ धरून वाहायची. उन्हाळ्यात तिच्या वाळूत झिरे उकरून बाया वाटीवाटीने हंडा भरायच्या. त्या झिऱ्यांकडे पाहुण्याला कोणी नेत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण कुठे जन्मली मला ठाऊक नाही, पण ती नांदायला बीडातच आली.

खजाना विहिरीची गोष्ट शहरात प्रत्येकाला पाठ. जुन्या काळी कोण्या जहागीरदाराने सरकारचा खजिना या विहिरीच्या बांधकामाला लावला. वरून जाब आला, खजिना कुठे आहे? तो म्हणाला, विहिरीत आहे, सुरक्षित आहे. सासरे ही गोष्ट सांगू लागले की त्यांची मान जहागीरदारासारखी ताठ व्हायची. विहीर होतीही नवलाची. पायऱ्या उतरून गेलं की आत पाण्याभोवती गोल ओसरी. पाणी जमिनीखालच्या दगडी बोगद्यातून येतं आणि दुसऱ्या बोगद्यातून आपलं आपण बागांकडे निघतं. मोट नको, बैल नको. बोगद्याला जागोजाग वर तोंडं ठेवलेली होती, त्यांना उसासे म्हणत. उसाशावर कान ठेवला की खाली पाणी चालल्याचा आवाज यायचा. पाहुण्याला एकदा तो आवाज ऐकवला की दाखवणाऱ्याचं काम संपायचं.

ते पाणी पुढे कुठपर्यंत पोचतं, हे पाहायला कोणी जात नसे. आम्ही पुढेच राहायचो. सगळ्या बागांच्या शेवटी आमचा पानमळा होता.

पानमळा ज्याने पाहिला नाही त्याला तो कसा सांगावा? शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढवलेल्या, लव्हाळ्याने अंतराअंतरावर बांधलेल्या, आणि आत भर दुपारी गार अंधार. देव्हाऱ्यात जातात तसं चपला बाहेर काढून आत जायचं. बाई विटाळशी असेल तर तिने कडेलाही फिरकायचं नाही. दर साली वेल उतरवायचा, त्याचं बुडाकडचं अंग गुंडाळून मातीत पुरायचं, म्हणजे तो नव्याने जोम धरतो. हा मळा सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला. माझा नवरा आणि सासरे अंगठ्याला लोखंडी नखी चढवून पानं खुडायचे, आणि सासूबाई आणि मी ओसरीवर ती निवडून त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधायचो. दुसरं उत्पन्न आम्हाला नव्हतं. वेलीला साचलेलं पाणी चालत नाही आणि पाणी नसलेलं त्याहून चालत नाही. उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकली की पानं पिवळी पडतात, आणखी एखादी चुकली की वेल मान टाकतो, आणि मग त्याला ब्रह्मदेवही उठवत नाही.

मी सासरी आले त्याच्या आधीपासूनच पाळ्या चुकू लागल्या होत्या. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला, एका मोठ्या चिंचेजवळ, बोगद्याचं छत बसलं होतं. बरंचसं पाणी तिथेच मातीत मुरायचं, तिथे बारमाही चिखल असायचा, आणि आमच्या पाटात करंगळीएवढी धार यायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. आमच्या आडात होतं आणि पोहऱ्यात येत नव्हतं. बरं, आपणच चार माणसं लावून दुरुस्त करावं तर बोगदा सरकारी. त्याचा एक दगड हलवायचा तरी कचेरीची परवानगी लागायची, आणि विनापरवाना हात लावला म्हणून एकाला हवालातीत बसवल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

म्हणून सासरे अर्ज करत. त्यांची उर्दू फार गोड. अंमलदारांच्या कोठ्यांवर, म्हणजे बंगल्यांवर, पानं पोचवता पोचवता ते ती शिकले होते, आणि ते बोलू लागले की कचेरीतले शिपाईसुद्धा कामं टाकून ऐकत. उंच अंग, धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, ओठ पानाने रंगलेले. कचेरीच्या चकरा मारून त्यांच्या किती वहाणा झिजल्या ते देव जाणे. प्रत्येक वेळी परत आले की सांगायचे, साहेबलोक लई इज्जतीनं बोलले. पाण्याबद्दल काय म्हणाले ते विचारलं की पानाचा डबा उघडायचे.

आणि एका फाल्गुनात खबर आली की औरंगाबादेहून आबपाशीचा, म्हणजे पाटपाण्याच्या खात्याचा, साहेब बोगदा पाहायला येणार. स्वतः येणार. आमच्या घरात त्या दिवशी गोडाचं झालं. सासूबाईंनी अंबाजोगाईच्या देवीला नवस बोलला. माझा नवरा, जो एरवी चार शब्द बोलायचा, त्याने मला पुढच्या वर्षी कोणत्या कोपऱ्यात नवी लावण करायची ते बोटाने दाखवलं. मला वाटलं, आपण सुटलो.

दुसऱ्या दिवशी सगळे बागवाले आमच्या ओसरीवर जमले. सगळ्यांत वरच्या बागेचे मालक होते, त्यांचा शब्द चालायचा. साहेब पहिल्यांदा येतोय, बीडचं नाव त्याने ऐकलेलं असणार, आणि त्याला कोरडे पाट दिसले तर शहराची काय अब्रू राहील, अशी त्यांची चिंता. सगळ्यांना ती पटली. पाहता पाहता साहेबाने काय दुरुस्त करावं हे बोलणं मागे पडलं आणि साहेबाला काय काय दाखवावं हे बोलणं सुरू झालं. कमान कुठे उभारायची, सरबत कोणाकडचं, खुर्ची कोणत्या वकिलाकडून आणायची. मी आत कवळ्या बांधत ऐकत होते आणि माझ्या हातातलं लव्हाळं तुटत होतं.

सासूबाईंना राहवलं नाही. दाराआडून त्या म्हणाल्या, "वैद्य बोलवायचा अन् दुखनं झाकून ठिवायचं, ही कुठली रीत?"

ओसरीवर सगळे हसले. ते हसणं सासऱ्यांना लागलं. ते दाराकडे तोंड करून म्हणाले, "साहेब काय वैद्य न्हाई. साहेब खुश झाला तर देतो. रडक्याच्या हातावर कोन काय ठिवत न्हाई." आणि मग समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं की पाहुणा दारात बसलेला असताना मागणं हे भिकाऱ्याचं लक्षण, साहेब तृप्त होऊन परत गेला की मागून अर्ज जाईल आणि त्यावर सही झालीच म्हणून समजा. त्यांचा यावर खरंच विश्वास होता. कोठ्यांच्या ओसऱ्यांवर उभं राहून ते एवढंच शिकले होते.

मग जे झालं ते बीडातच होऊ शकतं. पाळीवरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं एक झाली. प्रत्येकाने आपापल्या बागेची बारी, म्हणजे पाटातून बागेत पाणी घ्यायची तोंडं, माती आणि चिंध्यांचे बोळे घालून बंद केली. कोणी कुरकुरलं नाही. वरच्या मालकांनी तर आपल्या मोसंबीची पाळी सोडली. ते अडवलेलं सगळं पाणी खाली यायला लागलं, खचलेल्या जागेत जिरून उरलं आणि आमच्या मळ्यात शिरलं. मी ते पाणी पाहिलं. पाटाच्या दोन्ही काठांना लागून ते येत होतं, सुकी पानं पुढे ढकलत. सासरे पाटात उभे राहिले आणि त्यांनी ते ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगणार नाही. पण त्या आनंदातही मनात एक कुसळ रुतलं. साहेबासाठी जे जमलं ते शेजाऱ्यासाठी महिन्यातून एकदा जमलं असतं, तर साहेबाची गरजच काय होती?

राहिली चिंचेखालची खचलेली जागा. साहेबाला बसायला सावली हवी, आणि सावली तेवढी तिथेच. म्हणून चिखलावर गाड्या गाड्या मुरूम टाकला, चोपला, शेणाने सारवला, वर सतरंजी आणि सतरंजीवर जाजम. आंब्याचे टहाळे लावून मांडव घातला. जी जागा दाखवायला साहेबाला एवढ्या लांबून बोलावलं, तिच्यावरच त्याची खुर्ची मांडली. हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण जागा सोयीची होती.

साहेब आला. मी मनात त्याला फार मोठा आणि दुष्ट रंगवला होता. तसा तो नव्हता. किडकिडीत, उन्हाने काळवंडलेला माणूस, घोड्यावरून उतरताना कंबर धरून उतरला. बरोबर पेशकार आणि तहसिलीतले दोघेतिघे. विहीर त्याने मन लावून पाहिली, ओसरीच्या दगडावरून हात फिरवला. उसाशांतून वाकून पाहिलं. बागांच्या कडेने पायी चालत तो आमच्यापर्यंत आला, आणि प्रत्येक ठिकाणी विचारत होता, पाणी पोचतं का, कुठे अडतं का. प्रत्येक ठिकाणी त्याला भरलेले पाट दिसत होते. सासरे एक पाऊल मागे चालत होते आणि शहर सांगत होते. सासूबाई आणि मी मळ्याच्या कुडाआड उभ्या होतो. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

साहेब मांडवात येऊन खुर्चीवर बसला आणि खुर्चीचा मागचा एक पाय खाली गेला. तो सावरला, खुर्ची जराशी सरकवून पुन्हा बसला. आता दुसरा पाय गेला. कोणीतरी धावत जाऊन चपटा दगड आणला. साहेब उभा राहिला, जाजमावर बुटाची टाच दाबून पाहिली, आणि जिथे दाबली तिथे जाजमाचा रंग काळा होत गेला. पाणी वर आलं होतं. त्याने मान वर केली.

"यहाँ जमीन इतनी नरम क्यों है?"

एवढंच विचारलं. आम्ही ज्यासाठी नवस बोललो होतो ते त्याने स्वतःच्या तोंडाने विचारलं. सगळ्यांच्या माना सासऱ्यांकडे वळल्या, कारण उर्दू त्यांची. माझ्या मनात आलं, देवी पावली. आता फक्त जाजमाचं टोक उचलायचं.

सासऱ्यांनी हात जोडले आणि जरासं हसून म्हणाले, "सरकार, पानी इतना है कि बीड की जमीन को सूखने की फुरसत नहीं मिलती."

मांडवात वाहवा झाली. साहेब हसला. पेशकार हसला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं. सासूबाईंनी माझा हात सोडला आणि त्या तिथेच, मातीत, खाली बसल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. पण घरंदाज सून साहेबापुढे ओरडली असती तर ती वेडी झाली म्हणून तिला आत नेलं असतं, आणि साहेबाची क्षमा मागायला पुन्हा सासरेच पुढे झाले असते.

नंतर सरबत झालं, जेवण झालं. आमच्या मळ्यातली निवडक पानं चांदीच्या तबकात गेली, आणि असं पान हैदराबादेतही मिळत नाही असं साहेब म्हणाला. त्याला एक नवी छागल भेट दिली. तो निघाला तेव्हा सासरे वेशीपर्यंत पोचवायला गेले. ते परत येईपर्यंत वरच्या बागांचे बोळे निघाले होते. दोन पाळ्या बुडाल्या म्हणून तिकडे घाई होती. दिवस मावळेपर्यंत आमच्या पाटात पुन्हा करंगळीएवढी धार उरली.

पाऊस येऊन गेला, थंडी आली, आणि तेव्हा कुठे कचेरीतून अर्जाचं उत्तर कळलं. बोगदा सुस्थितीत आहे, पाणी मुबलक आहे, दुरुस्तीची जरूर नाही. शिपायाने ते सासऱ्यांना तोंडीच सांगितलं आणि वर साहेबाने तुमची आठवण काढली होती असंही सांगितलं. घरी येऊन सासऱ्यांनी आम्हाला आधी आठवणीचं सांगितलं.

पुढचा उन्हाळा कडक निघाला. पानं आधी पिवळी पडली, मग कडेने करपली. माझा नवरा चिखलात खड्डा करून पाणी उपसायचा, सासूबाई आणि मी बिंदुसरेच्या झिऱ्यांवरून हंडे आणायचो. पाण्याच्या गावात दिलेल्या लेकीच्या डोक्यावर उमापुराहून मोठा हंडा आला. आम्ही ओतलेलं पाणी माती एका घोटात प्यायची आणि वेलीपर्यंत काही जायचं नाही. सासरे मात्र रोज सकाळी चपला बाहेर काढून आत जायचे आणि सुटलेल्या वेली पुन्हा लव्हाळ्याने बांधायचे. वाळलेला वेल बांधला की मोडतो. ते मोडलेला बाजूला ठेवून पुढचा बांधायचे. वैशाख संपता संपता मळ्यात ऊन थेट जमिनीवर पडू लागलं. त्या मळ्यात मी पहिल्यांदाच माझी सावली पाहिली.

शेवरीची झाडं सरपणाला गेली. माझा नवरा आमच्या लगतच्या वरच्या मोसंबीच्या बागेत मजुरीला लागला. त्याच्याकडे काम कोणतं, तर बारी उघडायची आणि बंद करायची. आमच्या अंगणापर्यंत न पोचणारं पाणी तो दिवसभर दुसऱ्याच्या वाफ्यांत वळवायचा. सासूबाईंनी सासऱ्यांशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायच्या, पाण्याचा तांब्या ठेवायच्या, आणि उठून जायच्या.

गावाने मात्र सासऱ्यांना कधी दोष दिला नाही. त्यांचं ते वाक्य पेठेत, कोठ्यांवर, कचेरीच्या आवारात फिरत राहिलं. कोणी भेटलं की म्हणायचं, काय जवाब दिला होता हो तुम्ही साहेबाला. पहिल्या वर्षी सासरे यावर हसायचे. मळा गेल्यावरही थोडं हसायचे. हे मला सगळ्यांत जास्त लागायचं. त्यांना शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्या बाजूने भांडले असते.

बोगदा काय तिथेच थांबणार होता? खचत खचत तो वर सरकला. मधल्या बागांनाही पाणी कमी पडू लागलं, तेव्हा तीच माणसं पुन्हा अर्ज करू लागली, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी दुसरा साहेब यायचं ठरलं. बागवाले पुन्हा जमले. पुन्हा बोळे घालायचं ठरलं, पुन्हा मांडवाची जागा ठरली. आणि साहेबाशी बोलणार कोण? त्यांचं बोट आमच्या घराकडे. ज्याच्याकडे वाचवायला काही उरलं नव्हतं तो माणूस त्यांना बोलायला हवा होता. सासरे हो म्हणाले.

त्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतला कोट काढला. तो सैल झाला होता. ओसरीत उभं राहून ते डोक्याला रुमाल बांधत होते. सासूबाई चुलीशी बसून होत्या आणि तिकडे बघत नव्हत्या. मी पदर सावरला आणि सासऱ्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी थेट कधी बोलले नव्हते.

"मामा, ह्या वक्ताला तरी खरं सांगा."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. रुमालाचा पीळ हातात तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाले, "पाव्हन्याला चिखल दाखवावा का, पोरी?"

"व्हय मामा. दाखवा. आपल्यापाशी तेवढाच ऱ्हायलाय."

त्यांनी पीळ पुरा केला, टोक खोचलं, आणि बाहेर पडले. मला वाटलं माझं बोलणं आत गेलं. दिवसभर मी कामात असूनही कान बाहेर लावून होते. सासूबाईंनी एकदाच विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, काही म्हणाले नाहीत. त्यावर त्यांनी मान हलवली आणि भाकरी उलटली.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. तो आपल्या कामावर होता, बोळा हातात घेऊन बाऱ्यावर वाकलेला. साहेब आणि मंडळी पाटाच्या पलीकडून चालली होती. हा साहेब वयाने मोठा होता, सावकाश बोलणारा. त्याला सासऱ्यांचं बोलणं आवडलं असावं, कारण तो थांबला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, बडे मियाँ, यातली आपली बाग कोणती? खाली, चिंचेपलीकडे, आमचा मळा होता तिथे नुसते खुंट होते आणि ते तिथून दिसत होते. सासरे त्या बाजूला क्षणभर वळले. मग त्यांनी हात उचलला. माझ्या नवऱ्याला वाटलं बाप आपल्याला बोलावतोय, म्हणून तो हातातला बोळा टाकून ताठ उभा राहिला. सासऱ्यांचा हात त्याच्या डोक्यावरून मागच्या मोसंबीच्या हिरव्या झाडांकडे होता.

"वो, सरकार," ते म्हणाले. "वो हमारा बाग है."

साहेबाने बाग छान राखलीय म्हणून तारीफ केली आणि बाऱ्यावर उभ्या मजुराकडे बोट करून हा तुमचा गडी का, असंही विचारलं. सासरे हो म्हणाले. बागेचे खरे मालक शेजारी उभे होते, तेही गप्प राहिले, कारण पाहुण्यापुढे कोणाला खोटं पाडायचं नसतं.

माझा नवरा घरी आला, हे सांगितलं, आणि भाकरीला शिवला नाही. तिन्हीसांजेला सासरे आले. कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि म्हणाले, साहेब लई भला मानूस हाय, खुश होऊन गेला. त्या रात्री त्यांना मुलाने उत्तर दिलं नाही, बायकोने दिलं नाही, आणि मीही दिलं नाही. म्हाताऱ्याचं मन समजून घ्यावं, असं मला पुष्कळांनी नंतर सांगितलं. मी समजून घेतलं आहे. माफ अजून केलेलं नाही.